डबा कोण उघडणार, सर?

सर, आधी तक्रार नोंदवून घ्या. रविवारी दुपारी जेवलात, पेपर तोंडावर ठेवून आडवे झालात आणि कुणाला काही न सांगता निघून गेलात. हॉटेलात गेलं तरी मेनूआधी मागचं दार शोधणारा माणूस तुम्ही. वेटरला वाटायचं, साहेबांना हात धुवायचेत. तुम्ही भटारखान्यातून फिरून यायचात, दार आहे पण समोर तांदळाची पोती लावलीत असं आम्हाला सांगायचात, आणि मालकाकडून ती पोती हलवून घेतल्याशिवाय भजी मागवू द्यायचा नाहीत. स्वतः मात्र असे गेलात की आम्हाला खुर्चीतून उठायलाही वेळ मिळाला नाही. हे तुमच्याच नियमात बसत नाही.

तेरावं झाल्यावर मी विद्यानगरला तुमच्या घरी गेले. रडायचं नाही, असं रिक्षातच ठरवलं होतं. काकूंनी दार उघडलं, दारामागच्या खुंटीवर तुमचं पिवळं हेल्मेट दिसलं आणि माझा निश्चय उंबऱ्यातच संपला. काकू मात्र भक्कम. त्यांनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि आतून तो स्टीलचा डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. तोच, अफझलगंजात अर्धा तास घासाघीस करून घेतलेला, झाकणाला पोचा आलेला.

"सोमवारचा डबा त्यांनी शनिवारीच भरून ठेवला होता," काकू म्हणाल्या. "घेऊन जा. आता सोमवार तुम्ही सांभाळा."

हे वाचणाऱ्या कुणाला डब्याचं माहीत नसेल, म्हणून सांगते. तुम्ही मध्ये बोलू नका. आपली कंपनी समुद्रातून तेल काढते आणि हैदराबादेत समुद्र नाही. कुकटपल्लीत पाचव्या मजल्यावर बसून, कधी भरतीओहोटी न पाहिलेल्या लोकांनी समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरच्या माणसांची काळजी वाहायची, असा हा अजब कारभार. तुम्ही सुरक्षा विभागाचे प्रमुख, मी अहवाल लिहिणारी. दर सोमवारी सकाळी तुम्ही बैठकीच्या टेबलावर डबा ठेवायचात. आत काकूंच्या हातची सकिनालू, म्हणजे तांदळाच्या पिठाची, तीळ-ओवा घातलेली कडक वेटोळी. इथली माणसं ती संक्रांतीला करतात, तुमच्या घरी बारा महिने संक्रांत. ज्याच्या हातून गेल्या आठवड्यात काही चुकलं असेल त्याने ते सगळ्यांसमोर सांगायचं आणि डबा उघडायचा. दुसऱ्याची चूक सांगितलेली चालायची नाही. डब्यापुढे बोललेलं कुणाच्या बढतीच्या आड येणार नाही, हे तुम्ही वरून लेखी आणलं होतंत. आणि कुणीच काही बोललं नाही तर डबा बंदच्या बंद विद्यानगरला परत.

मी पुण्याहून लग्न करून इथे आले, नवऱ्याची सॉफ्टवेअरची नोकरी, आणि महिन्याभरात तुमच्या हाताखाली लागले. पहिल्या सोमवारी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, माझं काही चुकलेलं नाही. "हौ? मग उपाशी राहा," म्हणालात. तीन सोमवार मी ताठ बसून राहिले आणि वास घेतला. चौथ्या सोमवारी कबूल केलं की इमारतीतून बाहेर पडण्याच्या नकाशात लोकांनी जमायची जागा मी चुकीची छापली होती. आग लागली असती तर अख्खं ऑफिस शिस्तीत चालत जाऊन जनरेटरच्या डिझेलच्या टाकीपाशी उभं राहिलं असतं. तुम्ही इतके खूश झालात की डबा माझ्याकडे सरकवून म्हणालात, बाई, दोन घ्या. त्यानंतर दर सोमवारी डबा ठेवताना तुम्ही तो माझ्या बाजूला जरा सरकवायचात. मला वाटायचं, मी खादाड आहे म्हणून.

भांडलो किती आपण. तुमची माणसं जुन्या हैदराबाद संस्थानातली, मराठवाड्यातली शेतकरी, पिढ्यान् पिढ्या इकडचीच होऊन गेलेली. ऑफिसातले तेलुगू लोक तुम्हाला राव गारू, म्हणजे रावसाहेब, म्हणायचे आणि आपलेच समजायचे. नाव माणिकराव आहे, हे तुम्ही कधी दुरुस्त केलं नाहीत. तुमच्या तोंडी 'परवा' म्हणजे दोन दिवसांमागचंही असायचं आणि वीस वर्षांमागचंही. परवा तो व्हॉल्व्ह बदलला, असं म्हणालात की मी पेन खाली ठेवायची आणि तारीख मागायची. अपघाताची चौकशी करणाऱ्या माणसाला हे शोभतं का, असंही विचारायची. "खामखा परेशान होऊ लागल्या बाई. परवा म्हणजे होऊन गेलेलं," हे तुमचं उत्तर. आता तुम्ही परवाच गेलात असं मी सगळ्यांना सांगते आणि यापुढेही सांगत राहणार आहे. त्यातला सोयीस्करपणा मला कळलाय.

पण एक गोष्ट मी त्या डब्यापुढे कधी बोलले नाही. सहा वर्षं बोलले नाही. आता तिच्याकडे यायलाच हवं.

प्लॅटफॉर्मवरून जहाजात तेल भरणाऱ्या जाड पाइपाचा सांधा सुटला आणि अर्धा दिवस तेल समुद्रात जात राहिलं. गळती झाली की वाजणारा अलार्म वाजलाच नाही, कारण तो बंद करून ठेवला होता. माणूस एकही जखमी झाला नाही. आपल्या दारात 'अपघाताविना दिवस' असा मोठा बोर्ड होता, खाली खिळ्यांना आकड्यांच्या पाट्या टांगलेल्या. अपघात म्हणजे कर्मचारी जखमी होणे, अशी नियमपुस्तकातली व्याख्या. कर्मचारी तर सगळे धडधाकट. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी रिसेप्शनवरच्या सुजाताने नेहमीसारखा एक दिवस वाढवला. तिकडे टीव्हीवर किनाऱ्याला काळा थर, तेलाने माखलेली कासवं, आणि इकडे आमचा विक्रम एका दिवसाने पुढे गेलेला.

तुम्ही आत आलात, बोर्डासमोर थांबलात, सुजाताकडून स्टूल मागून घेतलंत आणि पॉलिश केलेल्या बुटांसकट वर चढलात. तिन्ही खिळ्यांना शून्य टांगलंत. उतरल्यावर हात झटकत म्हणालात, "आता खरं लिहिलंय." मग तुम्ही किनाऱ्याकडे जायला विमानतळावर निघालात.

दुपारी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. भागीदार कंपनीचे लोक तीन वाजता येणार होते. साहेब आवाज चढवणारे नव्हेत. त्यांनी शांतपणे विचारलं, व्याख्या तुम्हीच लिहिलीय ना? लिहिली होती. मग बोर्ड व्याख्येप्रमाणे हवा, म्हणाले. माझी नोकरी पक्की व्हायची होती, फ्लॅट नुकताच घेतला होता, पण ही कारणं मी तुम्हाला देत नाही. मी नाही म्हणू शकले असते. मी खाली गेले, त्याच स्टुलावर चढले आणि तुमची तिन्ही शून्यं काढून जुना आकडा टांगला. सर, ते मी केलं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात, बोर्ड पाहिलात आणि सगळ्यांसमोर एवढंच विचारलंत, "कोणी बदललं?" मी कॉम्प्युटरात डोकं घातलं. तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. त्या सोमवारी डबा आला नाही. पुढच्या सोमवारी आला, आणि तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत. तुम्ही विसरलात, अशी मी समजूत करून घेतली.

मग तो अहवाल. वरून आलेल्या पहिल्या मसुद्यात सगळं एका माणसावर ढकललेलं. प्लॅटफॉर्मवरच्या श्रीनिवासने अलार्म बंद केला, म्हणून गळती कळली नाही, म्हणून श्रीनिवासला काढावं. झालं, मिटलं. तुम्ही म्हणालात, "त्याने बंद केला, हौ. का केला ते लिहा." तो अलार्म कित्येक महिने उगाचच वाजत होता. माणसं कामं टाकून धावायची आणि तिथे काही नसायचं. श्रीनिवासने दुरुस्तीची मागणी तीनदा पाठवली, तिन्ही वेळा ती आपल्याच पाचव्या मजल्यावरून परत गेली. हे तीन कागद तुम्ही शोधून काढलेत आणि माझ्या टेबलावर ठेवलेत. नाव लिहायचं असेल तर पाचव्या मजल्याचंही लिहा, एवढंच म्हणणं. दोन महिने रस्सीखेच चालली. शेवटी ते तीन कागद अहवालात गेले, श्रीनिवासची नोकरी राहिली, आणि आता तोच इथे येऊन नव्या लोकांना शिकवतो.

तुम्ही मात्र जो भेटेल त्याला सांगत सुटलात की अहवाल बाईंनी लिहिला, बाईंनी हिंमत दाखवली. कँटीनमध्ये सांगितलंत, लिफ्टमध्ये सांगितलंत, माझ्या सासऱ्यांना फोनवर सांगितलंत. दर वेळी मला ते स्टूल आठवायचं.

आणि अप्पलम्माचं जाळं, ते विसरून कसं चालेल. किनाऱ्यावरच्या गावात कंपनीतर्फे माफी मागायला आपण गेलो होतो. मी छापील निवेदन तेलुगूत करून नेलं होतं. अप्पलम्माने ते हातातसुद्धा घेतलं नाही. तेलाने थबथबलेलं नवऱ्याचं जाळं तिने तुमच्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाली, धुवून द्या. तुम्ही बाह्या सरसावल्यात. दुपारभर धुतलं, मीही धुतलं, माझी सहावारी कामातून गेली, आणि तेल काही निघेना. तिला दुसरं जाळं कबूल करून तुम्ही हे आगगाडीत घालून हैदराबादला आणलंत. काकूंनी ते न्हाणीघरात पाहून जे काही सुनावलं ते गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं म्हणे. त्यानंतर तुम्ही ते ऑफिसात आपल्या सोमवारच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगलंत. काय तो वास, सर. एसी लावला की जास्त यायचा. मोठ्या साहेबांनी काढायला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, वास गेला की काढतो. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही निवृत्त झालात, नुसते सोमवारपुरते सल्लागार म्हणून येऊ लागलात, आणि तरी वास आहेच. खिडकीजवळच्या खुर्चीसाठी अजून चढाओढ असते.

आता गेल्या गुरुवारचं सांगते. ऑफिसात तुमची शोकसभा होती. आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं आणि अगदी मनापासून सांगितलं की कंपनी तुमच्या नावाने पुरस्कार सुरू करतेय. शून्य अपघात पुरस्कार. ज्या विभागाच्या बोर्डावर वर्षअखेर सर्वांत जास्त दिवस असतील त्याला ढाल. मजकूर तुम्हीच लिहा आणि सभेत तुम्हीच जाहीर करा, म्हणाले. साहेबांचे डोळे भरून आले होते. त्यांचा जीव होता तुमच्यावर, हे मी नाकारत नाही.

पण तुमच्या नावाने? शून्याला बक्षीस लावलं की लोक शून्यच लिहितात, कापलेलं बोटसुद्धा खिशात घालून फिरतात, हे म्हणणाऱ्या माणसाच्या नावाने? मी घरी येऊन मजकूर लिहायला बसले. छान लिहिता येतं मला, तुम्हाला माहीत आहे. तीन वाक्यं लिहिली आणि वाचून माझी मलाच लाज वाटली. दुसऱ्यांदा त्याच स्टुलावर चढल्यासारखं वाटलं. या वेळी विचारायला तुम्हीही येणार नव्हता.

सभेत फुलं होती, तुमचा तो हसरा फोटो होता, चष्मा कपाळावर चढवलेला. मी उभी राहिले. कागद पर्समध्येच ठेवला आणि डबा काढून टेबलावर ठेवला. लोक जरा हसले, ओळखीचा डबा होता. मग मी सांगितलं. बोर्डाचं, स्टुलाचं, तिन्ही शून्यांचं. तुम्ही विचारलंत तेव्हा गप्प बसले, तेही. साहेबांचं नाव घेतलं नाही, दुसऱ्याची चूक चालत नाही म्हणून. झाकण घट्ट बसलं होतं, ते उघडेना, आणि चाळीस माणसांसमोर मी त्या पोच्याशी झटापट करत उभी राहिले. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

मागून सुजाता उठली. आपल्या हैदराबादी हिंदीत म्हणाली, "स्टूल मैंच पकड़ी थी, मॅडम. आप गिरते बोलके."

मी पडेन म्हणून! खोलीत हशा पिकला. मीही हसले. झाकण एकदाचं निघालं. मग तिने पुढचं सांगितलं.

"सर को मालूम था. उसी हफ्ते पूछे, मैं बोल दी. बोले, मॅडम को नक्को पूछो. वो अपने आप डब्बा खोलते, देखो."

सहा वर्षं, सर. तुम्हाला माहीत होतं, आणि सहा वर्षं दर सोमवारी तुम्ही तो डबा माझ्या बाजूला सरकवत राहिलात. मी सकिनालू खात राहिले. एकदा तरी रागवायचंत हो. माफ करा, असं मला तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं. आता फोटोला म्हटलं, तो काय, हसतोच आहे. पण एक सांगते, त्या क्षणी दुःखापेक्षा मला हलकंच जास्त वाटलं. इतकी वाट बघण्याइतकं तुम्ही मला आपलं मानलंत, हे कळल्यावर मी किती वेळ रडत होते आणि कधी खायला लागले, मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात श्रीनिवास पुढे आला. त्याने डब्यावर हात ठेवला. मग म्हणाला की गेल्या महिन्यापासून दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरचा एक अलार्म तसाच उगाच वाजू लागलाय. त्याने मागणी पाठवली, ती परत आली. त्याने दुसऱ्यांदा पाठवली नाही. लोक म्हणतील, हा एकदा वाचला आणि आता सारखं अलार्म-अलार्म करतो, म्हणून गप्प बसलो, म्हणाला. ही त्याची चूक. त्याने एक सकिनाल उचललं आणि जागेवर जाऊन बसला, खाल्लं मात्र नाही. खोलीत तेवढा जाळ्याचा वास.

मोठे साहेब उठले. तुमच्या फोटोपाशी गेले, हात जोडले, आणि वळताना सवयीने त्यांचा हात डब्याकडे गेला. सुजाता समोरच होती. अगदी अदबीने म्हणाली, "सर, पहले बोलना पड़ता."

साहेबांनी हात मागे घेतला. पुरस्काराचं त्या दिवशी कुणीच जाहीर केलं नाही.

त्याच संध्याकाळी दुरुस्तीची माणसं त्या प्लॅटफॉर्मवर पाठवायचा हुकूम निघाला, हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. अलार्म आता नीट वाजतो, वाजायला हवा तेव्हाच. शुक्रवारी साहेब माझ्या टेबलापाशी आले. पुरस्काराचा मजकूर तूर्त राहू द्या, म्हणाले. मग थोडं घुटमळले आणि हळूच विचारलं, डब्यात काही उरलंय का? श्रीनिवासची मागणी परत पाठवणाऱ्या कागदावर सही कुणाची होती ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक असेल. पूर्वीची मी असते तर एक सकिनाल कागदात गुंडाळून त्यांच्या केबिनमध्ये पोचवलं असतं. मी म्हटलं, सर, डबा सगळ्यांसमोर उघडतो. सोमवारी या.

उद्या सोमवार आहे. आज दुपारी विद्यानगरला जाऊन डबा भरून आणला. चुका जरा बेताने करा, माझे हात दुखतात, असा काकूंचा निरोप आहे. साहेब येतील की नाही, देव जाणे. येतीलही, किंवा ऐन वेळी दौरा निघेल. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, परेशान नका होऊ, वाट बघा. बघते. तुमच्याइतका धीर मला नाही, सहा वर्षं काही मी थांबायची नाही, पण उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन खिडकीजवळची खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी ठेवणार आहे, आणि डबा त्यांच्या बाजूला जरा सरकवून.